तीन ओव्यांचा दम

नोटीस एका टाचणीवर लटकत होती आणि ती टाचणी नेमकी तारखेच्या डोक्यात टोचलेली होती, म्हणून कोंडिबाला आधी तारीख दिसली, मजकूर मागून. रविवार, पंचवीस मे. कबड्डीचा अंतिम सामना, शिरूर, सायंकाळी पाच. खाली बारीक अक्षरात, कुणी कानाशी लागून सांगावं तसं लिहिलं होतं, की कर्णधार जालिंदर यांच्या गावची जत्रा असल्याने अठरा तारखेचा सामना पुढे ढकलण्यात आला आहे. दौंडच्या लोको शेडच्या तापल्या भिंतीशी तो उभा राहिला. हातात तेलाची चिंधी होती. आत एक इंजिन वाफ सोडत होतं, ती वाफ सरेपर्यंत त्यानं ती ओळ तीनदा वाचली. जालिंदरच्या गावच्या, कासुर्डीच्या देवासाठी सामना सरकला होता. बरं झालं, जत्रेला माणूस आपल्या गावात असावा. पण सरकत सरकत तो येऊन बसला होता वैशाखी पौर्णिमेवर, आणि बसताना त्यानं खाली पाहिलं नव्हतं. एसटीत नाही का, आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि एखादा दांडगा माणूस सरळ त्या रुमालावर बसावा. त्याच्या मनात वाईट नसतं. त्याला रुमाल दिसतच नाही. कोंडिबाच्या छातीत बारीकसा चटका बसला, ठिणगी उडून सदऱ्यात शिरावी तसा. आणि तो चटका विझवायला हात आत घातला तर हाताला दुसरंच काही लागलं. रुमाल तरी आपण कधी टाकला होता का?

सहा वर्षं झाली होती त्याला रेल्वेत. कागदावर तो खलाशी, म्हणजे शेडमधला हरकाम्या होता, पण घेतला होता खेळावर. सकाळी शेड आणि दुपारनंतर मैदान. पगार मिळायचा तो हातांचा कमी, छातीचा जास्त. चढाईला गेला की त्याचा ‘कबड्डी कबड्डी’ असा चालायचा की पकडायला टपलेले गडीच दमून जायचे. संघात त्याला लोहाराचा ‘भाता’ म्हणत. हा दम कुठं कमावला म्हणून कुणी विचारलं की तो नुसता हसायचा. जात्यापाशी कमावला, हे कुणाला खरं वाटलं असतं? निमोण्याच्या त्या एका खोलीच्या घरात आई, धुरपदाबाई, दळायला बसली की तो तिच्या पाठीला पाठ लावून बसे. ती म्हणे, धर दम, माजी ओवी सरंस्तवर सोडायचा न्हाई. मग तो ओठातल्या ओठात हुतूतू घुमवायचा आणि तिचा आवाज जात्याच्या घरघरीवर चढायचा:

दळीता दळीता, दीस आला कासराभर
बाळाचा माज्या दम, पुरं गं साऱ्या घरभर

सुरुवातीला अर्ध्या ओवीत डोळ्यांपुढं काजवे नाचत. मग एक ओवी निघू लागली, मग दीड. मिसरूड फुटायच्या आत दोन. तिचा चेहरा त्याला दिसायचा नाही, त्याचा तिला दिसायचा नाही. जात्याचा फेरा तिच्या खांद्यातून निघे, पाठीच्या मणक्यांतून उतरे आणि त्याच्या पाठीत शिरे. कुठं दम हलला, कुठं पोरानं चोरून श्वास घेतला, तिला पाठीनं कळे. ‘लबाडा,’ ती म्हणे, ‘पुन्यांदा.’ अजूनही मैदानात मधली रेघ ओलांडली की आपल्या पाठीशी काहीतरी गरागरा फिरतंय असं त्याला वाटे, आणि त्या फिरण्याच्या आधारानं तो समोरच्या सात जणांत शिरे. त्याचा खेळ साऱ्या दौंडनं पाहिला होता, सोलापूरनं पाहिला होता. तिनं मात्र एकदाही नाही. आधी तिला सवड नव्हती, आणि सवड झाली तेव्हा त्यानंच बोलावलं नव्हतं. का नव्हतं, ते त्यानं स्वतःला कधी नीट विचारलं नव्हतं. ती आली असती तर पांढरं लुगडं नेसून आली असती, गळ्यात बाबासाहेबांच्या तसबिरीचं बदाम घालून, आणि फलाटावर उतरल्या उतरल्या साऱ्या शेडला कोंडिबा कोण ते कळलं असतं. कळलेलं होतंच. पण कळलेलं असणं आणि बोललेलं असणं यांत एक रेघ असते, आणि सामन्यात सात जणांत शिरणारा हा गडी त्या रेघेपाशी सहा वर्षं उभा होता.

क्रीडा सचिव बबनराव हेडक्लार्क होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक यादी होती, टाईप केलेली, ‘सामने न ठेवण्याचे दिवस’. गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळीचे तीन, ईद, गार्ड लोकांचा नाताळ. त्याखाली शाईनं एकेकाच्या गावची जत्रा. त्या काचेवर कोंडिबानं कितीदा चहाचा कप ठेवला होता, बशीच्या गोल डागातून ती नावं वाचली होती आणि मान्य केली होती. आज तो आत शिरला तेव्हा जालिंदरही तिथंच होता, तोंडात शेवेचा बोकणा.

‘साहेब, पंचवीसला आमचा सण हाय.’

‘कसला रे?’

‘बुद्ध पौर्णिमा.’ शब्द तोंडातून निघाला आणि त्याला वाटलं, पंखा थांबला. पंखा चालूच होता.

बबनराव कॅलेंडराकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद आला. ‘व्हय की! लाल हाय. अरे, रविवार आन् वर ही सुट्टी, डबल लाल हाय म्हणून तर ती धरली. समद्यांना सुट्टी, मैदान भरंल.’

‘ती वरची सुट्टी आमच्या सणाची हाय, साहेब.’

जालिंदरनं शेव गिळली. ‘सहा वर्सांत कधी बोलला न्हाईस, कोंडू? माझ्या जत्रेचं मटण दोनदा हाणलंस की.’

‘तू बोलावलंस, मी जेवलो. मी कुठं तुला बोलावलं?’

‘ते बी खरंच,’ जालिंदर म्हणाला आणि पुडीत बघू लागला.

बबनराव माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘हे बघ, आपली नोकरी हाय. दिवाळीला गाडी थांबती का? डायवर म्हणतो का, मला आज करंज्या खायच्यात?’

‘दिवाळीला गाडी चालती म्हणून लोक घरला पोचत्यात, साहेब. कबड्डी न्हाई झाली तर फलाटावर कोण अडकणार हाय?’

जालिंदर फसकन हसला आणि शेव उडाली. बबनरावही हसले, पण मग त्यांचा चेहरा ऑफिसासारखा झाला. पत्रकं छापून गेली होती, शिरूरकरांनी मांडव घातला होता, पुण्याच्या कारखान्याचा संघ त्याच दिवशी मोकळा होता. आता तारीख हलत नव्हती. ते पुढं वाकले आणि हळू आवाजात, अगदी घरच्यासारखं म्हणाले, ‘एक करतो. तू आजारी असं लिहितो. कुणाला काय कळायचं न्हाई. जा सणाला.’

दया ही एखाद्या वेळी शिवीपेक्षा खोल जाते. कोंडिबाला वाटलं, आपल्या हातात कुणी गोधडी दिली आणि म्हटलं, घे, हिच्याखाली सण कर.

‘मी आजारी न्हाई, साहेब,’ तो म्हणाला. ‘येईन तर सण हाय हे सांगून येईन. न्हाई आलो तर सणासाठी न्हाई आलो असं लिहा. आन् काच उचला जरा.’

बबनरावांनी कप बाजूला घेतला. दोघांनी मिळून काच उचलली. जालिंदरनं आपलं पेन पुढं केलं. कोंडिबानं यादीच्या शेवटी लिहिलं, ‘बुद्ध पौर्णिमा’, मग हात थांबेना म्हणून त्याखाली, ‘चौदा एप्रिल’. अक्षर मोठं आलं, बाकीच्या साऱ्यांपेक्षा मोठं. आणि अंगठ्याचं काळं तेल कागदाला लागलं. काच खाली बसली तसा तो अंगठा तिथं कायमचा राहिला, शिक्क्यासारखा.

शनिवारी तो निमोण्याला निघाला. एसटीच्या खिडकीतून उन्हाळ्याची मोकळी रानं पळत होती, मध्येच एखाद्या मळ्यात झेंडूचा पिवळा तुकडा. लिहिलं ते लिहिलं, पण उद्याचं काय, हे काही त्या कागदावर नव्हतं. खेळलो तर सणाच्या दिवशी बोलावणं आलं म्हणून गेलो. नाही खेळलो तर सहा वर्षांच्या सोबतीच्या गड्यांना शेवटच्या रेघेवर सोडलं. त्याला वडील आठवले, गेणबा. निमोण्याच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागायचा आणि गेणबाची हलगी घुमायची. पैलवान मातीत, वडील कडेला, वाकून वाजवणारे. ते असं वाजवत की पडलेल्या गड्याच्या मांड्या पुन्हा फुरफुरत. पण त्या मातीत त्यांच्या घरातलं कुणी उतरायचं नाही, आणि सण त्यांच्या घरात कधी यायचाच नाही, कारण घरचा माणूस सणाला गावकीत. मग छप्पन साली नागपूरहून ते पांढऱ्या कपड्यांत परत आले. पुढच्या जत्रेला बोलावणं आलं. दारात दोघे उभे, ‘गेणबा, फड भरलाय, हलगी घे.’ गेणबानं आत बोट दाखवलं. हलगीचं कातडं त्यांनी आदल्या दिवशीच काढलं होतं आणि नुसतं कडं माठाखाली ठेवलं होतं, माठ डुगडुगू नये म्हणून. म्हणाले, ‘हलगीला आता काम लागलंय, पाव्हणं. ती पाणी राखतीया.’ त्या उन्हाळ्यात घरात दाणा कमी होता, पण आईच्या जात्याला नवी ओवी आली होती:

हलगीचं कडं गं, माज्या माठाच्या खाली
धन्याची माज्या मान, पुन्यांदा न्हाई वाकली

ते कडं अजून तिथंच होतं. कोंडिबानं घरात शिरल्याबरोबर पाणी घेतलं तेव्हा त्याची नजर त्याच्यावरच गेली, गंजून तांबूस झालेलं, पाण्यानं गार. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. ओट्यावर चुलतभाऊ ज्ञानदेव बसला होता, शाळामास्तर, खादीचा सदरा आणि खिशाला दोन पेनं. त्याला सारं आधीच कळलं होतं.

‘दादा, न्हाई खेळायचं,’ तो म्हणाला. ‘त्यांच्या जत्रेला तारीख सरकती, आपल्या पौर्णिमेला न्हाई? बापानं हलगी टाकली, तू चढाई टाक. कळू दे त्यांना.’

हे सारं कोंडिबाच्याही मनात एसटीभर वाजत आलं होतं, फक्त इतकं स्वच्छ नाही. आई तांदूळ निवडत होती. उद्याच्या खिरीचे. तिनं मान वर केली नाही.

‘आई, तू सांग.’

‘मी काय सांगू? मी उद्या आठ शीलं घ्यायची. दुपार टळली की खाणं न्हाई, गाणं न्हाई, खेळतमाशा बघणं न्हाई. तू किती घेणार?’

‘पाच.’

‘ज्ञानदेवा, तू मास्तर. पाचात कुठं खेळू नका म्हणलंय का? मोज बरं.’

ज्ञानदेवानं खरंच बोटं मोजली, आणि मग त्यालाच हसू आलं. ‘काकू, तू वकील व्हायची.’

‘वकील कशाला, बॅरिस्टर,’ ती म्हणाली. सूप बाजूला ठेवलं. मग आवाज बदलला. ‘हलगी काय वाईट व्हती व्हय रं? लई गोड हात व्हता तुझ्या काकाचा. वाजवणं न्हाई टाकलं त्यानं. बोलावलं की जावं लागायचं, ते टाकलं.’ ती कोंडिबाकडे वळली. ‘यायचं न्हाई असं म्हणता आलं का तुला तिथं?’

‘आलं. आजारी लिहितो म्हणले. मी न्हाई म्हणलो.’

‘मग झालं की! आता जा, न्हाईतर नको जाऊ. दोन्ही तुझंच हाय.’

ती पुन्हा तांदळाकडे वळली. कोंडिबाची नजर तिच्या पाठीवर गेली. मणके लुगड्याखालून दिसत होते, जात्याच्या खुंट्यासारखे झिजून गुळगुळीत झालेले. ‘तू येशील?’ त्यानं विचारलं. हे बोलावणं सहा वर्षं उशिरा निघालं होतं.

‘कशी येऊ, येड्या? शील मोडू का?’

सकाळी विहारात वंदना झाली. पांढऱ्या सदऱ्यांची, पांढऱ्या लुगड्यांची रांग, मेणबत्त्यांच्या ज्योती दिवसाउजेडी फिकट. त्यानं पाच घेतली, तिनं आठ. खीर खाऊन तो शिरूरला निघाला. कुणी बोलावलं म्हणून नाही. पाय निघाले.

घोडनदीकडून वारा येत होता आणि मैदानावर पाणी मारून माती बसवली होती. त्या ओल्या मातीचा वास आला की त्याला दरवेळी भूक लागे. संघ जमला. जालिंदरनं नेहमीसारखा मधल्या रेघेवर नारळ धरला आणि थांबला. ‘कोंडू, तुझं काय असतं आज?’

‘काय न्हाई. मिनिटभर गप उभं ऱ्हायचं.’

सगळे गप उभे राहिले. जालिंदर एक डोळा उघडा ठेवून. ‘झालं का?’ तो कुजबुजला. ‘झालं,’ कोंडिबा म्हणाला. मग नारळ फुटला. खोबरं कोंडिबानं घेतलं, आणि आज पहिल्यांदा ते घेताना त्याला काही गिळावं लागलं नाही, खोबऱ्याशिवाय.

पहिला डाव गेला. दुसऱ्या डावात, ऊन कलत असताना, मैदानाच्या पश्चिमेला गलका झाला. शिरूरच्या मिरवणुकीसाठी निमोण्याहून आलेला ट्रक थांबला होता आणि आठ-दहा बाया उतरल्या, सगळ्या पांढऱ्या. त्या दोरीपाशी आल्या आणि बसल्या. मैदानाकडे पाठ करून. लोक हसायला लागले. लाऊडस्पीकरवाल्याला चेव आला. ‘त्या बाजूच्या मावश्यांना इनंती हाय, सामना मागल्या बाजूला चाललाय, तोंड इकडं करावं!’

‘आमचं तोंड हाय तिथं बरं हाय!’ धुरपदाबाईचा आवाज आला, जात्यावर चढणारा तोच. ‘आमाला आज बघायचं न्हाई, शील हाय आमचं. कानाला काय बंदी न्हाई. तुमचं चालू द्या!’

लाऊडस्पीकरवाला म्हणाला, ‘बरं मावशी,’ आणि कुणीतरी म्हाताऱ्यानं आपल्या डोक्यावरचा पंचा काढून त्या बायांच्या पुढं उन्हाची तिरीप अडेल असा धरला. कोंडिबाच्या छातीत काहीतरी इतकं रुंद झालं की त्याला भीती वाटली, आता दम कुठं राहणार. ती आली होती. साऱ्या शिरूरपुढं आली होती आणि पाठ करून बसली होती, आणि त्या पाठीत शरम नावालाही नव्हती. त्याच्या सहा वर्षांच्या गप्प राहण्याला जे जमलं नव्हतं ते तिनं बसल्या बसल्या केलं होतं. कुणापुढं पाठ फिरवणं आणि कुणाला पाठ देणं, यांतलं अंतर त्याला कळलं. ही दिलेली पाठ होती. टेकायला दिलेली.

एक गुण मागे, शेवटची चढाई. समोर चौघे उरले होते, पुण्याच्या कारखान्याचे, कोपऱ्यात बसका जाड गडी ज्याच्या पकडीतून सामनाभर कुणी सुटलं नव्हतं. कोंडिबानं मातीला हात लावला, रेघ ओलांडली. कबड्डी कबड्डी कबड्डी. आणि त्याला दिसलं. चौघांच्या मागे, दोरीपलीकडे, आईचं उजवं कोपर हलत होतं. गाणं आज वर्ज्य होतं, म्हणून ओठ मिटलेले असणार. पण मांडीवर हात गोल फिरत होता, रिकामा, खुंट्याशिवाय, जात्याशिवाय. फेरा. फेरा. ती ओवी मोजत होती. दीस आला कासराभर. एक झाली. चौघे मागे सरकले, त्याला दमू द्यायला. दमा म्हणावं. माठाच्या खाली. दोन झाल्या. दोनच्या पुढं तो कधी गेला नव्हता, त्या घरात नाही, कुठल्या मैदानात नाही. डोळ्यांपुढं काजवे आले, जुनेच, ओळखीचे. कोपर फिरतच होतं, ते थांबायला तयार नव्हतं. तिसरी कुठली होती कोण जाणे, तिनं ती आजच, आतल्या आत रचली असेल, आणि तो ती न ऐकता ओलांडू लागला. त्यानं डाव्या गड्याला हात लावला, वळता वळता मधल्याच्या खांद्याला बोटं, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातल्या जाड गड्यानं घोट्याला मिठी मारली. दम हलला. एवढासा. कबड्डीतला एक ‘ड’ घशात अडकला आणि सुटला. तो मातीवर आडवा पडला, पोटावर सरकला, सारं अंग एका फेऱ्यासारखं ताणलं, आणि बोटांची टोकं रेघेला लागली. कबड्डी, तो म्हणतच होता. पंचाची शिट्टी वाजून गेल्यावरही म्हणत होता.

जालिंदरनं त्याला उचललं, मातीसकट, नारळाच्या पाण्यासकट. ‘भात्या, भात्या!’ बबनराव धोतर सावरत धावत आले आणि मोठ्यानं, साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘पुढल्या साली पौर्णिमेला सामना न्हाई! यादीत हाय!’ गर्दी दोरी तोडून आत आली. बाया मात्र वळल्या नाहीत. कोपर थांबलं होतं, हात मांडीवर निवांत पडला होता, दळण सरल्यावर पडतो तसा.

तो गर्दीतून वाट काढत गेला, दोरीखालून वाकून निघाला आणि तिच्यासमोर जाऊन बसला, धापा टाकत. आयुष्यात पहिल्यांदा ओवीनंतर त्याला तिचं तोंड दिसलं.

‘जिंकलो, आई.’

‘आसंल,’ ती म्हणाली. ‘मी कुठं बघितलं?’ पदरानं तिनं त्याच्या कपाळाची माती पुसली, आणि मग तिच्या डोळ्यांत ते जुनं, लबाड पकडणारं हसू आलं. ‘पर तिसरीच्या शेवटाला अडखळलास. पाय कुणी धरला व्हता रं?’

त्यानं खाली पाहिलं. घोट्यावर मातीची पाच बोटं अजून ओली होती.